पदरातला गूळ

नाव : प्रयागबाई, भ्रतार गेणू बनकर. राहणार : मौजे जळोची, तालुका बारामती, जिल्हा पुणे. वय : अंदाजे पन्नास, सदर स्त्रीच्या सांगण्याप्रमाणे चाळीस. धंदा : घरकाम. जमीन : नवऱ्याच्या नावे, पाटाखालची बागायत. ओळखीची खूण : कपाळावर गोंदण, शिवाय आवाज. देवी काढल्याचा व्रण : दंडावर आहे. पटकी, प्लेग, हिवताप, नारू, खरूज, क्षय यांपैकी काही : नाही. सबब सदर स्त्रीस कोणताही रोग नाही. शेरा : प्रकृती समाधानकारक.

असा कागद कुणी प्रत्यक्ष लिहिला नव्हता. पण एकोणीसशे अठ्ठावन्न साली कुणी लिहायला बसलं असतं, तर तो याहून वेगळा झाला नसता. जो रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, त्याची सरकारला धास्ती होती. त्याच्यासाठी फवारे होते, सुया होत्या, विहिरीत टाकायची लाल पूड होती आणि सायकलीवरून फिरणारी खाकी माणसं होती. जो रोग धरलेल्या माणसाला सोडून कुठंच जात नाही, तो मात्र त्या माणसाची खासगी मालमत्ता समजला जाई. आणि कूळकायद्याचा अपवाद सोडला, तर खासगी मालमत्तेत हात घालायचा नाही असं तेव्हाचं एकंदर धोरण होतं.

कागदात ‘घरकाम’ आलं असतं, तेही तसं खरं नव्हतं. घरकाम तिची मुलगी सारजा करी. प्रयागबाई गवार, वांगी, भेंडी, मेथी पिकवायची आणि बारामतीच्या बाजारात विकायची. गेणू दारं धरायचा, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात फिरवायचा, आणि बाकीचा वेळ बायकोचं ऐकायचा. दोन्ही कामं तो मन लावून करी.

भाजी हा तिचा धंदा, आणि लग्नं जमवणं हा तिचा अधिकार. बाजारात पाटी मांडून बसलं की दोन तालुक्यांतली घरं तिच्यासमोरून चालत जात. जी बाई वांगं उलटं करून देठाखाली तीनदा बघते तिच्या घरात सून सुखानं नांदत नाही, आणि जी न बघताच पिशवीत टाकते तिच्या घरात सुनेला पोटभर मिळत नाही, असा तिचा हिशेब होता. मधल्या बायका शोधाव्या लागत. त्या मधल्या बायकांच्या घरी तिनं मुली दिल्या, त्यांच्या मुली इकडं आणल्या, आणि त्यातली एकही परत आली नाही. हे ती स्वतः सांगायची नाही. लोकांनी सांगेपर्यंत थांबायची. आणि लोक विसरले तर विषय तिथवर आणून ठेवायची.

आता या कामात गुळाला फार मान. बोलणी पटली की सुपारी फुटे, आणि सुपारीच्या आधी ताटातून गूळ येई. पहिला खडा मध्यस्थाचा. त्यानं तो सगळ्यांसमोर तोंडात टाकायचा. टाकला, म्हणजे दोन्हीकडची खोट त्यानं बघून घेतली, यापुढं तक्रार चालणार नाही, असा त्याचा अर्थ. प्रयागबाई लिंबाएवढा खडा एका दमात खायची. तिनं खाल्लेल्या गुळावर लोकांचा तलाठ्याच्या शिक्क्यापेक्षा जास्त विश्वास होता, आणि तो योग्य होता.

वर तिनं स्वतःचा एक नियम केला होता. गूळ खाताना जो मागंपुढं बघतो त्याच्या पोटात काहीतरी दडलेलं असतं. या एका नियमावर तिनं शेळगावची एक चांगली सोयरीक मोडली होती. मुलाच्या चुलत्यानं गूळ नुसता ओठाला लावला आणि ताटात परत ठेवला. तो बिचारा उष्णतेचं काहीतरी सांगत होता. प्रयागबाईनं चप्पल पायात घातली होती, त्यामुळं तिला ऐकू आलं नाही.

आदल्या उन्हाळ्यात तिची तहान वाढली. बाजारात भाजीवर शिंपडायला म्हणून कळशीत आणलेलं पाणी दुपारपर्यंत तीच पिऊन टाकी आणि तिकडं मेथी मान टाकी. मग रात्री उठणं वाढलं. हातातल्या बांगड्या कोपराकडं जाऊ लागल्या. उजव्या पायाच्या अंगठ्याला खुरपं लागलं होतं. ती जखम भरायचं नाव घेईना. परड्यात जिथं ती बसायची तिथं मुंग्यांनी वाट पाडली. मुंग्या हा प्राणी उगाच कुठं जात नाही, हे तिला माहीत होतं. पण शेजारच्या छबूबाईनं उष्णता असं निदान केलं, आणि छबूबाईचं निदान फुकट असल्यामुळं तिनं ते घेतलं.

उष्णतेवर थंड पाहिजे. थंड म्हणजे उसाचा रस. शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. प्रयागबाईनं सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर असा रस सुरू केला. वर छबूबाईनं गुलकंद दिला. तहान जसजशी वाढे तसतसा रस वाढवला जाई, आणि रस वाढला की तहान वाढे. आपला आजार फार मोठा असला पाहिजे, एवढं औषध चालू असूनही तो हटत नाही, असं ती लोकांना जरा अभिमानानंच सांगायची.

शेवटी मार्गशीर्षात अंगठा काळा पडायला लागला, तेव्हा बाजार आटोपून ती एकटीच बारामतीतल्या डॉक्टरकडं गेली. डॉक्टर पुण्याकडचे होते, तरुण होते, सावकाश बोलत. त्यांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, तिच्या लघवीचे थेंब त्यात टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं झालं, आणि शेवटी भट्टीतून काढलेल्या विटेच्या रंगावर येऊन थांबलं.

“रंग चांगला धरलाय,” प्रयागबाई म्हणाली.

डॉक्टरांचं मत तसं नव्हतं. लघवीतून साखर जाते, असं त्यांनी सांगितलं. मग जाऊ दे की, आत राहून ती काय करणार होती, असं हिनं विचारलं. या प्रश्नाला पुस्तकात उत्तर असावं, पण ते डॉक्टरांना मराठीत चटकन सापडलं नाही. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि तिचा पाय हातात घेऊन सांगितलं की, हा आजार बरा होणार नाही. दाबून ठेवता येईल. गूळ, साखर, रस, गुलकंद, रताळी, सगळं बंद. भात नावाला. ज्वारीची भाकरी मोजून. पाय रोज धुवायचा, कोरडा करायचा, अनवाणी रानात जायचं नाही. एवढं केलं तर बहुधा रोज सुई टोचून घ्यावी लागणार नाही. नाही केलं, तर आधी अंगठा जाईल, मग घोट्यापर्यंत, आणि ते थांबवायला पुण्याला जावं लागेल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. वांगी विकणाऱ्या बाईला किंमत ऐकल्यावर तोंड वाकडं न करायची सवय असते.

“लागट हाय का?”

नाही, म्हणाले डॉक्टर.

“पोरीला?”

रक्तात उतरू शकतो, म्हणाले. उतरेलच असं नाही. पण उतरू शकतो.

एवढं एकच वाक्य तिनं घरी नेलं नाही. बाकीचं नेलं, तेही पायाचं दुखणं म्हणून. गेणूला सांगितलं, डॉक्टरनं गोड वर्ज्य केलंय, जखम चिघळते. गेणूनं मान हलवली. रस बंद झाला, गुलकंदाची बरणी छबूबाईला परत गेली, सारजानं भाकरीचं पीठ कमी मळायला सुरुवात केली. महिन्याभरात रात्रीचं उठणं कमी झालं. मेथी पुन्हा ताजी दिसू लागली. अंगठ्याचा काळेपणा गेला. जखम मात्र राहिली. प्रयागबाईला वाटलं, ह्या आजाराचं एवढं काही नाही, त्याला नुसता धाक पाहिजे.

अडचण गुळाची होती. लग्नसराई पुढं उभी होती, आणि मध्यस्थानं गूळ नाकारला तर काय होतं ते शेळगावात तिनंच सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं. एखादा खडा तिनं खाल्ला असता तर जीव गेला नसता. पण एका सराईत एकच बैठक होत नसते. शिवाय प्रयागबाईला थोडं असं काही जमतच नसे. गूळ जिभेला लागला की ती लिंबाएवढ्यावर थांबली असती, याची तिला स्वतःलाच खात्री नव्हती. तिनं मग युक्ती काढली. खडा उचलायचा, हात तोंडाशी न्यायचा, तोंड मिटायचं, आणि पदर सावरता सावरता खडा पदराच्या गाठीत सोडायचा. वर थोडा वेळ रिकामं तोंड हलवायचं. माघापासून दोन बैठका तिनं अशा पार पाडल्या. लोकांना तिनं गूळ खाल्लेला दिसला. दोन्ही सोयरिकी चांगल्या होत्या, त्यामुळं खोटं बोलल्यासारखं तिला वाटलंही नाही.

तिसरी बैठक सारजाची होती.

वरकुट्याचे रामहरी हे उसाचे बागायतदार. नव्या साखर कारखान्याचे सभासद. कारखान्याचं बोलताना ‘आमचा’ म्हणत. त्यांचा मुलगा संभाजी निर्व्यसनी होता, कामाचा होता, आणि बाजारात त्याच्या आईनं, कुशाबाईनं, वांगं एकदाच उलटं केलं होतं. इतकं जुळलेलं स्थळ प्रयागबाईनं लोकांच्या मुलींनासुद्धा आणलं नव्हतं. वरकुट्याची माणसं जळोचीला येऊन मुलगी बघून गेली, पसंत आहे म्हणाली. चैत्रात गेणू आणि प्रयागबाई घर बघायला यष्टीनं इंदापूरला आणि तिथून उन्हात चालत वरकुट्याला गेले. मध्यस्थ दुसरा कोण असणार? मुलीची आई आणि मध्यस्थ हे दोन्ही मान एकाच बाईकडं होते, त्यामुळं कुशाबाईनं ताटात तिच्यासाठी ठेवलेला खडाही तसाच होता. लिंबाएवढा नव्हे, पेरूएवढा.

घरातली सर्वांत वडील बाई फुलाबाई, रामहरींची आई, खांबाला टेकून बसली होती. ती बोलत नव्हती. प्रयागबाईनं तिच्याकडं बघितलं, आणि वांग्याच्या देठाखाली बघणाऱ्यांतली ही नाही आणि न बघणाऱ्यांतलीही नाही, एवढं ओळखलं. त्यापुढं तिनं विचार करायला हवा होता. तो केला नाही. खडा उचलला, हात तोंडाशी नेला, पदर सावरला, रिकामं तोंड हलवलं. सुपारी फुटली. तारीख वैशाखातली धरली. सगळे हसतखेळत उठले.

चैत्राच्या उन्हात गूळ घट्ट राहत नाही आणि ओली गाठही घट्ट राहत नाही. उठताना खडा घोंगड्यावर पडला. फुलाबाईनं त्यावर हात ठेवला. बाकी कुणी बघितलं नाही. पाहुणे गेल्यावर तिनं खडा उचलला, त्याला चिकटलेली लोकर काढली आणि तो ओच्यात ठेवला.

चार दिवसांनी वरकुट्याचा सोनबा जळोचीला आला. सोनबा रामहरींचा भावकीतला माणूस. निरोप न्यायचे आणि त्यात स्वतःचं काही घालायचं नाही, ही त्याची ख्याती. त्यानं फडक्यात बांधलेला गूळ गेणूच्या पुढ्यात ठेवला.

“म्हातारीनं सांगितलंय, ह्यो तुमचा राहिला व्हता.”

एवढं बोलून तो पाणी प्यायला. चहा घेतला नाही. निरोपाचा अर्थ समजायला चहा न घेणं पुरेसं होतं.

गेणूला काही कळेना. त्यानं बायकोकडं बघितलं. बायको फडक्याकडं बघत होती. तिला आपण शेळगावात चप्पल घातलेली आठवली की नाही हे सांगता येत नाही. पण वरकुट्याच्या ओट्यावर काय बोललं गेलं असेल, ते तिला आता बरोबर ऐकू आलं असावं. ज्याच्या पोटात काही आहे तोच गूळ खात नाही. वरकुट्यानं हा नियम तिच्याकडूनच घेतला होता. बाजारात बसून तिनंच तो पसरवला होता, आणि मालाबरोबर फुकट दिला होता.

पदराची युक्ती तिच्याकडून कळल्यावरही गेणू सोयरीक मोडायला तयार नव्हता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यातून काही काढलं. नवस सांगायचा. सारजाचं लग्न जमेपर्यंत गोड खाणार नाही असा हिनं नवस केला होता. गूळ देवापुढं ठेवायला पदरात बांधला होता. नवसाला कोण काय म्हणणार? आणि म्हातारी माणसं तर नवसापुढं बोलतच नाहीत.

युक्ती चांगली होती. प्रयागबाईनं तिचा धंद्याच्या नजरेनं विचार केला. लग्नात गूळ येणार, वर्षसणाला येणार, बाळंतपणात येणार. नवस किती पुरवायचा? आणि ‘जमेपर्यंत’चा नवस जमल्यावर संपतो. तेवढ्यात सारजा चुलीपासून उठून आली.

“आये, धुणं मी धुती,” ती म्हणाली. “माघापासनं तुझ्या पदराला मुंग्या येत्यात. मला ठावं हाय, पायाचं काय आनि गोडाचं काय.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तू बोलली न्हाईस म्हून. पर आता नवस बिवस नगं. तू चार घटका खोटं बोलून यशील. मला तितं जल्मभर ते सांभाळावं लागंल. लोकांच्या घरची खोट तू चौकात काढती, आता आपली काढ.”

हे बोलणं ऐकून गेणू बाहेर गेला. मुलीनं आईला असं बोललेलं त्याला आवडलं नव्हतं, आणि आवडलं होतं. दोन्ही एकाच वेळी दाखवायची सोय घरात नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा यष्टीनं निघाले. प्रयागबाईनं पायात चप्पल घातली, अंगठा धुतलेल्या चिंधीत गुंडाळला आणि फडक्यातला गूळ बरोबर घेतला. वरकुट्याच्या शिवेपर्यंत गेणू तिला नवसाचं सांगत होता. ती हं म्हणत होती. रस्त्याकडेला रामहरींचा ऊस उभा होता, त्याच्याकडं तिनं नीट बघून घेतलं. सवय जात नाही.

रामहरी ओट्यावरच होते. या म्हणाले, पण बसा म्हणायला जरा वेळ लावला. फुलाबाई खांबालाच टेकलेली होती. कुशाबाईनं पाणी दिलं आणि ती दाराआड उभी राहिली. प्रयागबाईनं फडकं सोडून गूळ ताटात ठेवला.

“आत्याबाई, गूळ मी मुद्दाम खाल्ला न्हाय.”

“त्ये दिसलं,” फुलाबाई म्हणाली.

“तुमच्या पोरात खोट न्हाय आनि घरात बी न्हाय. खोट माझ्यात हाय. मला साखरेचा आजार हाय. गोड खाल्लं की पाय सडतो.”

फुलाबाईनं थोडा विचार केला.

“साखर तर चांगली असती.”

“भाईर चांगली असती.”

रामहरींना हे बोलणं बरं वाटलं नाही. त्यांच्या कारखान्याची पहिली पोती बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते, आणि साखरेनं कुणाचा पाय सडतो असं ओट्यावर बोललं जावं हे त्यांना सभासद म्हणून लागलं. ते काही बोलणार तेवढ्यात फुलाबाईनं नेमकं विचारलं :

“लागतो का?”

“न्हाय.”

“आनि पोरीला?”

गेणू खाकरला. खाकरण्यात नवस होता, विनवणी होती, आणि यष्टीचं परतीचं भाडंही होतं. ‘नाही’ म्हणायला एक शब्द लागला असता. तो खोटा आहे हे पकडायला वरकुट्यात कुणाकडं काही साधन नव्हतं. सारजा तिथं नव्हती.

“डाक्टर म्हनला, रक्तात उतरू शकतो,” प्रयागबाई म्हणाली. “उतरंल का न्हाय त्ये त्याला ठावं न्हाय, आनि मला बी न्हाय. उतरला तर काय करायचं त्ये मला ठावं हाय, आनि मी पोरीला शिकवून धाडीन. आता तुमी ठरवा.”

मग रामहरी म्हणाले की, सांगितलंत ते चांगलं केलंत, पण असं काही घरात आणायचं म्हणजे विचार केला पाहिजे, भावकीला विचारलं पाहिजे, उद्या लोक बोलतात. हे म्हणता म्हणता त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर त्यांच्या छातीतून भाता ओढल्यासारखा बारीक आवाज येत राहिला. त्यांनी तो दाबायचा प्रयत्न केला. छाती दाबली की असा आवाज वाढतो.

इथं मुलीची आई मागं सरली आणि मध्यस्थ पुढं आली. प्रयागबाईनं पदर खोचला.

“रामहरीराव, ही धाप कवापासनं?”

“धाप कसली? सकाळी पाचट पेटवलं व्हतं. धूर गेला.”

“तुमचा ऊस अजून उभा हाय, मग पाचट कुठलं? येताना बघितला.”

उत्तर खांबापासून आलं.

“दमा हाय त्याला,” फुलाबाई म्हणाली. “थंडीत रातभर बसून असतो. आनि ह्याचा बाप अर्धांगानं गेला. भाकरी खाता खाता तोंड वाकडं झालं, ते सरळ झालंच न्हाय.”

“आये, आता हे कशाला काढती?”

“ती बाई आपली खोट पदरात घिऊन यष्टीचं धक्के खात आली. आपन काय खांबाला टेकून ऐकायची?”

प्रयागबाईला मनातून फार बरं वाटलं, पण सौदा चालू असताना बरं वाटलेलं दाखवू नये हे तिला कळत होतं. तिनं आवाज चढवला.

“मुलगी बघाया आला तवा अर्धांगाचं बोलला न्हाईत.”

“तू साखरेचं बोललीस का?”

“दम्याचं बी न्हाय.”

“मग झालं की. दोन आमची, एक तुझं.”

हे सगळं ऐकत बसलेल्या गेणूला काय वाटलं कोण जाणे. आपलं घर कमी पडतंय असं त्याला वाटलं असावं. किंवा त्या ओट्यावर इतकी मोकळी हवा होती की माणसानं आपलं ओझं तिथंच उतरवावं. तो कुणाकडं न बघता म्हणाला :

“मला बी हाय. पाटाचा चढ चढलो की छातीत कळ येती. डाव्या हातात उतरती.”

प्रयागबाईनं वळून बघितलं. तिचा चढलेला आवाज कुठल्या कुठं गेला.

“कवापासनं?”

“दिवाळीपासनं.”

“मला सांगितलं न्हाईत.”

“तुझ्या पायाचं चाललं व्हतं. म्हटलं, एका घरात एकच बरं.”

दोन तालुक्यांतल्या घरांची खोट जिनं वांग्याच्या देठावरून ओळखली, तिच्या शेजारी हा माणूस दिवाळीपासून छाती चोळत झोपत होता. तिला वाटायचं, तो भाकरीचा करपट ढेकर जिरवतोय. ती बराच वेळ काही बोलली नाही. जळोचीत ही बातमी नंतर पोचली, तेव्हा प्रयागबाई गप्प बसली होती हाच भाग लोकांना खरा वाटेना.

फुलाबाईनं तिला हवा तेवढा वेळ दिला. मग म्हणाली, “दोन-दोन झाली. फिटलं. आता पुढं बोला.”

पुढं बोलायला फारसं उरलं नव्हतं. तारीख तीच राहिली. रामहरींना भावकीला विचारायचं कारण उरलं नाही. भावकीत कुणाकुणाला काय काय आहे ते फुलाबाईनं तोंडपाठ सांगायला सुरुवात केली होती, आणि ते थांबवण्याचा दुसरा मार्ग नव्हता. राहिला ताटातला खडा. तो मध्यस्थाचा, आणि मध्यस्थ खाणार नाही. कुशाबाई दाराआडून म्हणाली, मग भाजलेल्या शेंगा देते, मान शेवटी खाण्याला आहे. तिनं तव्यावरच्या शेंगा ओंजळीत आणल्या. प्रयागबाईनं त्या सगळ्यांसमोर, तोंड उघडून, चावताना दिसतील अशा खाल्ल्या. गूळ फुलाबाईनं घेतला. तिचे दात थोडे होते, त्यामुळं तिला वेळ लागला, पण तिनं मदत घेतली नाही.

परतताना प्रयागबाईनं गेणूला चढावर चालू दिलं नाही. इंदापूरपर्यंत जाणाऱ्या एका बैलगाडीत बसवलं, आणि पुढच्या बाजाराला तिनं वांग्यांची पाटी छबूबाईजवळ ठेवून त्याला डॉक्टरांपुढं नेऊन उभा केला. डॉक्टरांनी छाती ऐकली, गोळ्या दिल्या, तंबाखू बंद केली आणि दारं धरण्याचं काम माणूस लावून करा म्हणाले. दारं धरायला गडी ठेवला. तंबाखू बंद झाली. बायकोचं ऐकायचं काम तेवढं त्याच्याकडं राहिलं, ते त्याच्या प्रकृतीला मानवलं.

त्यानंतर प्रयागबाईच्या बैठकीची रीत बदलली. आधी आजार, मग मानपान, मग तारीख. कुणाला धाप आहे, कुणाचं कसं गेलं, कोण रात्री किती वेळा उठतं, हे दोन्हीकडच्यांनी आधी मांडायचं. सुरुवातीला लोक बिचकले. आमच्या घरात कुणाला काही नाही, असं एका पाहुण्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, तेव्हा प्रयागबाई चप्पल पायात घालून निघाली. ज्या घरात कुणालाच काही नाही त्या घरात मुलगी देणं तिला धोक्याचं वाटलं. शेळगावच्या त्या चुलत्याकडंही तिनं निरोप पाठवला. त्याला काय होतं ते विचारलं, आणि बारामतीच्या डॉक्टरांचं घर कुठं ते सांगितलं. त्याचा पुतण्या एव्हाना दुसरीकडं सुखात होता, त्यामुळं माफी मागायची वेळ आली नाही. आली असती तर ती कशी मागतात हे तिला कुणाकडून तरी शिकावं लागलं असतं.

लग्न वैशाखात जळोचीला झालं. वरकुट्याहून बैलगाड्या आल्या. हिवतापाच्या फवाऱ्यावरचा इन्स्पेक्टरही नेमका त्याच दिवशी गावात होता, म्हणून त्यालाही पानावर बसवलं. त्यानं दोनदा लापशी घेतली. जेवता जेवता त्यानं शेजाऱ्याला सांगितलं की, जळोची आणि आजूबाजूची गावं त्यानं तपासली आहेत, पटकी नाही, देवी नाही, हिवताप उतरला आहे, आणि एकंदर लोकांचं आरोग्य समाधानकारक असल्याचा अहवाल तो पुण्याला पाठवतो आहे.

प्रयागबाईनं मांडवाच्या एका कडेला बिनगोडाची पंगत वेगळी मांडली होती, आणि ज्यांना गोड चालत नाही त्यांनी लाजू नये, तिकडं बसावं, असं तिच्या आवाजात सगळ्यांना सांगितलं होतं. तिच्या अंदाजानं तीन-चार माणसं येणार होती.

त्या पंगतीला पत्रावळी कमी पडल्या.